आठ मिनिटांची पारख

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मुंबई-पुण्याच्या कुठल्याही शेल्टरमध्ये शिरा. आधी आवाज येतो, मग वास, आणि मग कुत्री दिसतात. कुणी जाळीवर पुढचे पाय टेकून उभं असतं, कुणी स्वतःभोवती गरगर फिरत असतं, कुणी पाण्याचं भांडं पालथं करून त्यावर राग काढत असतं. कुत्रा दत्तक घ्यायला आलेलं कुटुंब या गलक्यातून हळूहळू पुढे सरकतं. मुलगी पिल्लांच्या खणापाशी अडकते. वडील विचारतात, ‘लॅब आहे का हो एखादा?’ आई मनातल्या मनात केस किती गळतील याचा हिशोब करते. ओळीतल्या कुठल्या तरी पिंजऱ्यात, मागच्या भिंतीला टेकून, चार-पाच वर्षांची एक गावठी कुत्री बसलेली असते. ती भुंकत नाही आणि उठून पुढेही येत नाही. पाटीवर लिहिलेलं असतं : मादी, नसबंदी झालेली, लसीकरण पूर्ण, स्वभाव शांत. कुटुंब पाटी वाचतं, ‘गरीब आहे बिचारी’ म्हणतं आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतं.

खरं तर शेल्टरच्या फॉर्मवर ‘तुम्हाला कसा कुत्रा हवा?’ या रकान्यात बहुतेक लोक ‘शांत’ असंच लिहितात. मुलांना न चावणारा, शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही असा. म्हणजे मागणी हिचीच आहे आणि मागे राहते तीही हीच. हे कोडं निव्वळ माणसांच्या चंचलपणावर ढकलून सुटत नाही. ते सोडवायला शेल्टर ही जागा कुत्र्याचं काय करते आणि तिथे आलेली माणसं नेमकं काय बघतात, या दोन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. त्याआधी, ही जागा आपल्याकडे आली कुठून ते पाहू. कारण त्या गोष्टीत मुंबई फार आधीपासून आहे.

१८३२ सालच्या मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. डोक्यामागे पैसे मिळू लागल्यावर मोकाट कोण आणि पाळीव कोण हा भेद फार काळ टिकला नाही. लोकांच्या आवारात शिरूनही कुत्री मारली जाऊ लागली. ६ जूनला पारशी समाजाचा सणाचा दिवस होता. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी यासाठी ‘सगदीद’ नावाचा विधीच त्यांच्यात आहे. त्या दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि कुलाब्याच्या छावणीला जाणारा शिधा अडला. इतिहासात या प्रकाराची नोंद ‘मुंबईची कुत्र्यांची दंगल’ अशी आहे. नाव ऐकून हसू येतं, पण कंपनी सरकारला त्या दोन दिवसांत मुळीच हसू आलं नसणार. पुढे जमशेटजी जीजीभाईंनी आणि शहरातल्या जैन व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. मारण्याऐवजी कुत्री तिथे आणून ठेवायची, असा तोडगा निघाला. भुलेश्वरजवळ ती संस्था आजही आहे. आता तिथे जाणाऱ्याला दिसतात त्या मुख्यतः गाई. ही जागा कुत्र्यांवरच्या भांडणातून उभी राहिली हे गाईला चारा घालणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

लंडनमधलं जगप्रसिद्ध बॅटर्सीचं श्वानगृह यानंतर २६ वर्षांनी सुरू झालं. मेरी टील्बी नावाच्या बाईंनी १८६० मध्ये हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर उघडलं. शहरात माणसं उपाशी असताना कुत्र्यांची कसली घरं काढता, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. हा प्रश्न आजही प्रत्येक शेल्टरवाल्याला विचारला जातो, तेव्हा टील्बीबाई फार जवळच्या वाटतात. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात या घरावर सहानुभूतीचा लेख आला आणि हवा थोडी बदलली. १८७१ मध्ये संस्था बॅटर्सीला गेली.

पांजरपोळ आणि बॅटर्सी यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. पांजरपोळीत आलेल्या जनावराचा सांभाळ मरेपर्यंत करायचा, तिथून त्याला कुठे जायचं नसतं. बॅटर्सीच्या घराच्या नावातच ‘तात्पुरतं’ होतं. मालक शोधायचा आणि तो न सापडल्यास कुत्र्याला नवं घर द्यायचं. कुत्रा ‘वाट बघतोय’ असं आपण आज म्हणतो, ते या दुसऱ्या कल्पनेमुळे. पांजरपोळीतल्या कुत्र्याला वाट बघण्यासारखं पुढे काही नव्हतं.

आपल्याकडे या दोन कल्पनांच्या मधोमध तिसरीच व्यवस्था तयार झाली. २००१ च्या नियमांनी, आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी, रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी मार्ग आखून दिला : पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस टोचा, ओळखीसाठी कानाला खाच पाडा आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडा. म्हणजे धडधाकट गावठी कुत्र्याला भारतातल्या शेल्टरमध्ये राहायचं काही कारणच नाही; तो चार दिवसांचा पाहुणा. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली आणि परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दिला. देशभर वाद पेटला आणि अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो बदलला : रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची उपचारांनंतर मूळ जागी परत. त्याच आदेशात, ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, अशी तरतूदही होती. गदारोळात तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून उचललेली कुत्री पुन्हा तिथे सोडू नयेत असंही न्यायालयानं सांगितलं. थोडक्यात, निवाऱ्यात कायमची राहणारी कुत्री यापुढे वाढणार.

आजपर्यंत अशी राहणारी कोण होती? गाडीखाली येऊन मागचे पाय गेलेली, आंधळी, म्हातारी. शिवाय हौसेनं आणलेली आणि हौस फिटल्यावर सोडलेली जातिवंत कुत्री. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसला आणि घराघरांत पग आले. नंतर हस्की आले, पुण्यामुंबईच्या उन्हात धापा टाकत. त्यातले बरेच पुढे शेल्टरच्या दारात बांधलेले सापडले. आणि मग आपली ही मागच्या भिंतीशी बसलेली. तिला खायला घालणारे आजोबा गेले, किंवा तिची वस्ती पाडून तिथे टॉवर उभा राहिला, किंवा गल्लीतल्या टोळीत तिचा निभाव लागेना. अंगावर धावून जाणं तिच्या स्वभावात नाही. परत सोडायला तिला जागाच उरलेली नाही.

अशा कुत्रीकडे ‘बिचारी’ म्हणून बघताना एक गोष्ट सुटते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनेक वर्षं अभ्यास करत आहेत. त्यांनी ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. त्यांतली जेमतेम १९ टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली, आणि बाकीच्यांपैकी अनेकांच्या मरणाला थेट किंवा आडून माणूस कारण होता. तेव्हा चार वर्षांची गावठी कुत्री म्हणजे वाहनं, आजार, उपासमार आणि माणसं या सगळ्यांतून वाट काढलेला जीव. कुठल्या माणसाजवळ जायचं आणि कुणापासून चार हात लांब राहायचं, हे ओळखता आलं नसतं तर ती इथवर पोचलीच नसती. जातिवंत पिल्लासाठी ब्रीडरला भरपूर पैसे मोजून जो ‘समजूतदारपणा’ मिळेल अशी आशा लोक करतात, तो इथे तयार बसलेला असतो. फुकट असल्यामुळे त्याची किंमत वाटत नाही, एवढंच.

आता शेल्टर तिचं काय करतं ते बघू. पहिला शत्रू आवाज. काँक्रीटच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, लोखंडी जाळ्या, आणि एकानं सुरुवात केली की चाळीस जणांनी धरलेला सूर. अमेरिकेतल्या शेल्टरमध्ये मोजमाप केल्यावर आवाज १०० डेसिबलच्या वर नेहमीच जातो असं आढळलं. कारखान्यात एवढ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला कानांना संरक्षण द्यावं लागतं. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि त्याला संध्याकाळी सुट्टीही होत नाही.

ओहायो राज्यातल्या मायकेल हेनेसी यांनी १९९७ मध्ये सरकारी शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की शरीर हे संप्रेरक सोडतं. पहिल्या तीन दिवसांत ते घरी राहणाऱ्या कुत्र्यांच्या मानानं खूप जास्त होतं. नऊ दिवसांहून अधिक काळ राहिलेल्यांमध्ये ते खाली आलेलं दिसलं. याचा अर्थ कुत्रा रुळला असा लावता येतो, पण तो घाईचा आहे. सतत ताणाखाली असलेलं शरीर तोच प्रतिसाद देत राहत नाही, ते थकतं. रक्तातला आकडा खाली आला म्हणून कुत्रा सुखात आहे असं होत नाही.

या ताणापुढे कुत्री साधारण दोन दिशांना जातात. काही उसळतात : जाळीवर उड्या, भुंकणं, फेऱ्या मारणं, दोरी चावणं. काही मिटतात. कोपरा धरतात, माणूस गेल्याशिवाय खात नाहीत, हात लावला तर हलत नाहीत. शेल्टरमध्ये काम करणारे याला ‘शटडाऊन झालाय’ म्हणतात. गोम अशी की बाहेरून बघणाऱ्याला मिटलेला कुत्रा आणि खरोखर सौम्य कुत्रा सारखाच दिसतो. दोघंही शांत, दोघंही एका जागी. पाटीवर दोघांच्याही नावापुढे ‘स्वभाव शांत’ लिहिलं जातं. त्यातला एक घरी गेल्यावर तसाच मवाळ राहील. दुसरा तीन आठवड्यांनी डोकं वर काढेल, तेव्हा आतून कोण निघेल हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. वाईटच निघेल असं नाही. अनेकदा मोठा खेळकर, खोडकर प्राणी निघतो.

हा फरक ओळखायच्या काही साध्या खुणा आहेत, आणि त्यांसाठी पशुवैद्य असण्याची गरज नाही. सौम्य कुत्र्याचं अंग सैल असतं. तोंड किंचित उघडं, शेपूट खाली असली तरी सुटी. तो बसल्या जागेवरून का होईना, तुमच्याकडे बघतो, नजर वळवतो, पुन्हा बघतो. मिटलेल्या कुत्र्याचं अंग ताठ असतं, शेपूट पोटाखाली घट्ट, कान मागे चिकटलेले. तो डोकं न वळवता फक्त बुबुळं फिरवतो, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. झोप आलेली नसताना जांभया देतो, समोर खाणं नसताना जीभ नाकावरून फिरवतो. उत्तम कसोटी हाताची. छातीशी किंवा खांद्याशी दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. ज्याला आवडलं तो पुढे सरकतो, नाकानं हात ढकलतो. ज्यानं निमूट सहन केलं, तो तसाच राहतो किंवा मान फिरवतो. ‘काय गरीब आहे हो, काहीही केलं तरी हूं की चूं करत नाही’ हे वाक्य शेल्टरमध्ये कौतुकानं म्हटलं जातं. अनुभवी माणूस ते ऐकून जरा काळजीत पडतो.

आता जाळीच्या अलीकडची बाजू. फ्लोरिडामध्ये संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा प्रोटोपोपोवा यांनी हा प्रश्न अगदी मुळापासून घेतला : माणूस नेमकं काय बघून ‘हाच’ म्हणतो? पिंजऱ्यातल्या कुत्र्यांचं चित्रण करून त्यांनी कोण किती दिवसांत घरी गेलं याच्याशी ते ताडून पाहिलं. भुंकणारे मागे राहत असतील असा कुणाचाही अंदाज असेल. निघालं वेगळंच. जे पिंजऱ्याच्या भिंतीला टेकत किंवा अंग घासत, जे समोर पाठ करून राहत, जे सतत मागे-पुढे येरझाऱ्या घालत, त्यांचा मुक्काम लांबला. कुत्र्यांना माणसाच्या नजरेला नजर द्यायला शिकवून बघितलं, त्याचाही काही उपयोग झाला नाही.

मग त्यांनी पुढचा टप्पा बघितला : कुत्र्याला बाहेर काढून लोकांना भेटवतात ती वेळ. ही भेट सरासरी आठ मिनिटांची असते. पुढची दहा-बारा वर्षं ज्याच्याबरोबर काढायची त्याची निवड आठ मिनिटांत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमालासुद्धा आपण याहून जास्त वेळ देतो. या आठ मिनिटांत कुत्रा कितीतरी गोष्टी करतो, पण निर्णयावर परिणाम करणाऱ्या फक्त दोन सापडल्या. माणसानं खेळायला बोलावल्यावर कुत्र्यानं दुर्लक्ष केलं, तर नकार. तो माणसाजवळ येऊन आडवा झाला, तर होकार. एवढंच! मग त्यांनी भेटीची पद्धत बदलून पाहिली. मोठ्या अंगणाऐवजी छोटी जागा, आधी शोधून ठेवलेलं त्या कुत्र्याचं आवडतं खेळणं, आणि तो जवळ येऊन बसेल असा आखूड पट्टा. कुत्रे तसेच, माणसं तशीच, तरी दत्तक जाण्याचं प्रमाण जवळपास अडीचपट झालं.

आता आपली कुत्री या कसोटीला लावून बघा. तिला आठवड्यातून एकदा पिंजऱ्याबाहेर काढलं आणि अंगणात सोडलं, तर ती पहिली पाच मिनिटं जमीन हुंगण्यात घालवणार. कुठलाही शहाणा कुत्रा तेच करेल. नव्या जागेचं वर्तमानपत्र तो आधी वाचून घेतो. तेवढ्यात कुणी तरी तिच्यासमोर चेंडू नाचवतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला चेंडू म्हणजे काय हे कुणी शिकवलेलंच नसतं. हात उगारून काही तरी फेकलं जातं तेव्हा तो दगड असतो, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. ती दचकून दूर जाते. ‘आमच्याशी खेळत नाही हो ही,’ असं म्हणत कुटुंब उठतं. आठ मिनिटं संपलेली असतात.

पाटीवरचा मजकूरही कमी घोटाळे करत नाही. अमेरिकेत ‘पिटबुल’ असा शिक्का बसलेल्या कुत्र्यांना, अगदी तशाच दिसणाऱ्या पण वेगळा शिक्का मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा, तिपटीहून जास्त काळ शेल्टरमध्ये काढावा लागल्याचं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. पाटीवरून जातच काढून टाकल्यावर त्यांचं दत्तक जाणं वाढलं. आपल्याकडे याचा उलटा प्रयोग रोज चालू असतो : जरा लोंबते कान असलेलं कुठलंही गावठी पिल्लू ‘लॅब मिक्स’ म्हणून खपवलं जातं. रंगाची गोष्ट अजून मजेशीर. काळी कुत्री मागे राहतात अशी समजूत जगभर आहे. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, काही ठिकाणी रंगाचा काहीच फरक पडलेला दिसला नाही. आपल्याकडे शनिवारी काळ्या कुत्र्याला शोधून पोळी घालणारे भाविक आहेत. त्यांना घरी नेण्याबद्दल विचारून बघा.

माणूस कुत्र्याला कसं निवडतो हे झालं. कुत्रा माणसाला किती लवकर धरतो, हे त्याहून थक्क करणारं आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ मध्ये शेल्टरमधल्या प्रौढ कुत्र्यांवर एक प्रयोग केला. एका अनोळखी माणसानं प्रत्येक कुत्र्याबरोबर दहा-दहा मिनिटं अशी फक्त तीन वेळा सोबत करायची. नंतर लहान मुलांचा आईशी असलेला जिव्हाळा तपासायची मानसशास्त्रातली प्रसिद्ध पद्धत त्यांनी कुत्र्यांना लावली : नवी खोली, तो माणूस बाहेर जातो, परका आत येतो, तो माणूस परत येतो. एकूण अर्ध्या तासाच्या ओळखीवर कुत्री त्या माणसाशी ‘आपला’ असल्यासारखी वागली. तो गेला की दाराशी, आला की त्याच्याकडे. एकदा घर सुटलेला प्रौढ कुत्रा पुन्हा कुणाला जीव लावत नाही, म्हणून पिल्लूच आणायचं, हा आपल्याकडचा ठाम समज या प्रयोगापुढे टिकत नाही.

कोलकात्याच्याच गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे अनोळखी माणसं उभी केली. काहींनी खाऊ दिला, काहींनी डोक्यावरून हात फिरवला. हे वारंवार केल्यावर ज्यांना हात फिरवून घ्यायला मिळाला ती कुत्री जास्त विश्वासानं जवळ येऊ लागली. भुकेल्या कुत्र्याला बिस्किटापेक्षा हात मोठा वाटावा हे आपल्याला पटत नाही, कारण आपण हात क्वचितच देतो. आणखी एका प्रयोगात कुरवाळणं आणि गोड बोलणं यांतून निवड करायला दिल्यावर कुत्र्यांनी कुरवाळणंच निवडलं. तोंडी कौतुकाची किंमत त्यांच्या लेखी गप्प बसण्याइतकीच निघाली. ‘कित्ती गं गोड तू’ हे आपण आपल्यासाठी म्हणतो, ते म्हणायला हरकत नाही.

मग शेल्टरमधली वाट सुसह्य कशी करायची? बेलफास्टच्या संशोधकांनी वेगवेगळं संगीत लावून पाहिलं. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताला कुत्री जास्त वेळ पहुडली, हेवी मेटलला जास्त भुंकली. आपल्या शेल्टरमध्ये रेडिओ लागलेला असतो तो बहुधा सफाई करणाऱ्या दादांसाठी. त्यावर सकाळची भक्तिगीतं लागत असतील तर दोघांचंही भलं होत असावं, असं मला वाटतं, पुरावा नाही. पण सगळ्यांत परिणामकारक उपाय दुसराच निघाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी राहायला पाठवलं. तिथे त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल उतरलं आणि सलग, निवांत झोप मिळाली. परत आल्यावर आकडा पुन्हा आधीच्या पातळीवर गेला, पण त्याच्या वर गेला नाही. म्हणजे ‘दोन दिवसांचं सुख दाखवून परत पिंजऱ्यात टाकणं हा क्रूरपणा आहे’ ही शंका या अभ्यासापुरती तरी खरी ठरली नाही. शिवाय त्या दोन रात्रींत कुत्र्याबद्दल जी माहिती मिळते ती पिंजऱ्यासमोर सहा महिने उभं राहून मिळत नाही : लिफ्टला घाबरतो का, मांजर बघितल्यावर काय करतो, एकटं ठेवलं तर रडतो का. शेल्टरमध्ये घेतल्या जाणाऱ्या स्वभावचाचण्यांच्या भरवशाबद्दल तज्ज्ञांनीच गंभीर शंका घेतल्या आहेत. २०१६ च्या एका टीकालेखात त्यांची तुलना नाणेफेकीशी केली होती. घरात काढलेली रात्र ही त्यापेक्षा बरी चाचणी आहे.

मुंबई-पुण्यात फॉस्टर म्हणून कुत्रा ठेवून घेणारी माणसं वाढत आहेत, त्यांत भाड्याच्या घरात राहणारी तरुण मुलंमुली बरीच. त्यांची अडचण कुत्र्यापेक्षा घरमालकाची आणि सोसायटीची. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही हे प्राणी कल्याण मंडळानं आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलेलं आहे. पण ते पत्रक सेक्रेटरींच्या हातात ठेवणं ही निराळीच कला आहे.

नव्या घरात येणाऱ्या अशा कुत्रीसाठी जगभरचे शेल्टरवाले तीनाचा एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस ती भांबावलेली असते, तीन आठवड्यांत घराचा क्रम तिला कळतो, तीन महिन्यांत ती घरची होते. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष नाही, अनुभवाचा अडाखा आहे, आणि बऱ्यापैकी उपयोगी पडतो. पहिल्या दिवसांत पाहुण्यांना बोलावून कौतुकसोहळा करू नये. पट्ट्याबरोबर हार्नेसही घालावा, कारण घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून पट्ट्यातून सहज निसटतो, आणि शेल्टरमधून घरी नेल्यावर पहिल्या आठवड्यात कुत्रा पळाला हा फोन शेल्टरवाल्यांना सर्वांत नकोसा असतो. दिवाळीच्या तोंडावर तर कुत्रा नेऊच नये. गोचीड तापासाठी रक्त तपासून घ्यावं; आपल्या हवेत हा आजार फार, आणि मलूल पडलेल्या कुत्र्याला लोक ‘शांत’ समजत राहतात. खाण्याची आणि फिरायची वेळ ठरलेली असावी. कोपऱ्यात, ये-जा नसलेल्या जागी तिचं अंथरूण असावं आणि ती तिथे असताना मुलांनी तिला हात लावू नये. बाकी काही करू नये. काही न करणं हौशी माणसांना सगळ्यांत जड जातं.

मग साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेल्टरचा फोन वाजतो. पलीकडून जरा नाराजीचा सूर : ‘ताई, तुम्ही म्हणालात कुत्री अगदी शांत आहे. काल कुरिअरवाला आला तर केवढी भुंकली! माझी चप्पल पळवून सोफ्याखाली नेली. आणि दार उघडलं की जिन्यातून आमच्या आधी खाली.’ पलीकडचा माणूस तक्रार करत असतो आणि अलीकडे ताई फोनवर हात ठेवून बाकीच्यांना खुणेनं बोलावत असतात. मग त्या विचारतात, चप्पल कुठली, रोजच्या वापरातली का? हो म्हटल्यावर सांगतात, तुमचा वास सगळ्यांत जास्त तिलाच आहे, म्हणून तीच उचलली. चपला वर ठेवा आणि चघळायला दुसरं काही तरी द्या. फोन ठेवून त्या रजिस्टर काढतात, तिच्या नावापुढचं ‘स्वभाव शांत’ खोडतात आणि शेजारी लिहितात : भुंकते.